विहीणबाईंचं बोलावणं

मुलीच्या लग्नात मला एकच नाच नाचायचा होता. उन्हाळाभर त्याच्यासाठी घाम गाळला, गुडघ्याला पट्टा बांधून प्रॅक्टिस केली, आणि तो एक नाच माझ्याच माणसांनी मला नाचू दिला नाही. आता लग्न होऊन गेलं, आहेराची भांडी कपाटात गेली, तरी कुणी त्या दिवसाचा व्हिडिओ लावला की माझं डोकं पुन्हा तापतं. नवरा म्हणतो, "सोड ना आता." का म्हणून सोडू?

पहिल्यापासून सांगते. आम्ही अमेरिकेत हर्नडनला राहतो. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, दोघंही आयटीतले. मुलगी एकुलती एक. तिनं कॉलेजमधला एक मुलगा पसंत केला. त्याचा जन्म इथलाच, पण घर घानाचं. वडील तो लहान असतानाच गेले, आईनं हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी करत वाढवला. मुलगा इतका गुणी की जावई म्हणून मिरवावा. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या लोकांबद्दल.

लग्न ठरल्याचं इथल्या मराठी मंडळात कळलं आणि जी भेटेल ती विचारायला लागली, "मग काय, संगीतला आफ्रिकन डान्स का?" आफ्रिकन डान्स! तो कोणता गं? ऑफिसात कुणी ह्यांच्यापैकी एकीला म्हटलं, "यू पीपल डू भांगडा, राइट?" की ह्याच बायका घरी येऊन तासभर करवादतात. लावणी वेगळी, लेझीम वेगळी, कोळी नाच वेगळा, ह्या गोऱ्यांना काही कळत नाही. आणि स्वतःची वेळ आली की अख्खा खंड एका शब्दात गुंडाळून मोकळ्या.

मलाही आधी माहीत नव्हतं, ते सोडा. पण मी विचारलं तरी. जावयानं डिशवॉशर भरता भरता मला सगळं समजावून सांगितलं. अडोवा हा अशांती लोकांचा नाच, त्यात हातांनी बोलतात. क्पान्लोगो राजधानी अक्राच्या समुद्रकाठच्या पोरांचा. हायलाईफ म्हणजे गिटार आणि ट्रम्पेटवरचं गाणं, ते त्याच्या आईवडिलांच्या तरुणपणीच्या पार्ट्यांतलं. अझोन्टो त्याच्या चुलतभावंडांचा, फोनवर बघून शिकलेला. "आणि अग्बाजा आमचा," तो म्हणाला. आमचा म्हणजे एवे लोकांचा, देशाच्या पूर्वेकडच्या व्होल्टा भागातला. फार पूर्वी म्हणे ते लढाईचे ढोल होते. आता बारसं असो, लग्न असो, कुणी गेलेलं असो, चार एवे माणसं जमली आणि ढोल असला की अग्बाजा होतोच.

तर ह्या अग्बाजासाठी विहीणबाई एके दिवशी आमच्याकडे आल्या. मी त्यांना विहीणबाईच म्हणते. शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांना तो इतका आवडला की माझा फोन आला की त्या उचलून म्हणतात, "विहीणबाई स्पीकिंग." बाई उंच, ताठ, बोलायला हळू. आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी चहा टाकला तर त्या टेबलाशी नुसत्याच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही."

मला तर ऐकूनच संताप आला. म्हातारी बाई, नातवाच्या लग्नाला यायचं म्हणून नवं कापड नेसून बसनं अक्राला गेली, रांगेत उभी राहिली, आणि खिडकीतल्या माणसानं चार प्रश्न विचारून परत पाठवली. का, ते सांगितलंसुद्धा नाही. अरे, ती काय इथे पळून जाऊन आयटीत लागणार होती? व्हिसा स्टॅम्पिंगच्या नावानं आमच्या घरात आजही सगळे धास्तावतात, त्यामुळे मला ते नुसतं ऐकूनच कळलं. मी तोंडाला येईल ते बोलले. विहीणबाईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ती फोनवर बघेल. तिनं मला एकच विचारलंय. मुलीची आई नाचते का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. अग्बाजात एकेकटं कुणी नाचायचं नसतं. एकजण नाचत येतो आणि कुणाच्या तरी समोर उभा राहतो. ते बोलावणं. ज्याला बोलावलं त्यानं उठायचं, तसंच नाचत दोघांनी मिळून ढोलांपर्यंत जायचं. म्हणजे उत्तर दिलं. "लग्नात मी तुमच्यासमोर येणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही उठून माझ्याबरोबर यायचं. आईला तेवढंच बघायचंय. मग तिच्या लेखी दोन घरं एक झाली."

"आणि मी नाही उठले तर?"

"तर सगळ्यांसमोर तुम्ही मला नाही म्हटलं," विहीणबाई म्हणाल्या. "पण मी तिला सांगून बसलेय की तुम्ही याल."

"येणार म्हणजे काय, येणारच!" मी छातीठोकपणे सांगितलं. त्या गेल्या आणि मग मला आठवलं. मी शेवटची नाचले ती कुठल्याशा गणपतीच्या मिरवणुकीत, आणि तेही मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून.

शनिवारी विहीणबाईंच्या गराजमध्ये शिकवणी सुरू झाली. ढोल त्यांच्या भावाचे. हा भाऊ हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. गाडी बाहेर काढायची, खुर्च्या मांडायच्या, त्यांच्या चर्चमधले दोघं-तिघं ढोलांवर बसायचे, आणि हा गणिताचा मास्तर हातात एक दुहेरी लोखंडी घंटा घेऊन काठीनं वाजवायचा. विहीणबाईंच्या हातात भोपळ्याचा खुळखुळा, वरून मण्यांचं जाळं गुंफलेलं. ऐकायला इतकं सुंदर की मी पहिल्या दिवशी खुर्चीत बसून नुसती मान डोलावत राहिले. मग उभं राहायची वेळ आली.

आता माझी अडचण ऐका. लहानपणी मी नागपूरला तबला शिकले होते, चांगली काही वर्षं. तेच नडलं. मला सम लागते. सम कुठे आहे ते कळल्याशिवाय माझा पाय उचलत नाही, मी काय करू? आणि इथे घंटा एक बोलतेय, खुळखुळा त्याच्या नादात, बारका ढोल मध्येच तडतड करतोय, टाळ्या तिसरीकडेच पडताहेत. मी डोळे मिटून बोटांवर मोजायला लागले. सम सापडली असं वाटायचं, मी पाय टाकायची, आणि तोवर सगळे पुढे निघून गेलेले असायचे.

"हे सुरू कुठून होतं?" मी मास्तरांना विचारलं.

"सुरू झालेलंच आहे," ते घंटा न थांबवता म्हणाले. "तुम्ही आत या."

"अहो, पण आत येऊ कुठून!"

गणिताचा मास्तर मला सांगतो मोजू नका. डोकं फिरायची वेळ आली.

बरं, नाच म्हटला तर काय? बघायला अगदी साधा. गुडघे किंचित वाकलेले, अंग थोडं पुढे, कोपरं दुमडलेली आणि ती मागेपुढे. पण ते हातांनी करायचंच नसतं. पाठीतून, खांद्याच्या फऱ्यांतून यायला हवं, हात आपोआप हलतात. विहीणबाई माझ्या मागे उभ्या राहून फऱ्यांवर तळवे ठेवायच्या. "इथून. हात नंतर." मला माझ्या पाठीला फरे आहेत हेच इतकी वर्षं माहीत नव्हतं. मुलगी एका दुपारीत शिकली. तिच्याकडे बघून मला अभिमान वाटायचा आणि तेवढाच वैतागही यायचा. वर मला म्हणते, "आई, यू आर काउंटिंग. युअर लिप्स आर मूव्हिंग." मी तोंड घट्ट मिटून घेतलं, तर मनात मोजायला लागले.

मी तो ठेका फोनवर रेकॉर्ड करून घेतला. सकाळी ट्रेलवर चालायला जायची तेव्हा कानात घालून कोपरं हलवत चालायची. एकदा एक जॉगिंग करणारी बाई थांबून विचारती झाली, आर यू ओके? नवरा खिडकीतून बघून म्हणाला, "कोंबडी पळाल्यासारखी दिसतेस गं." मी हातातला नॅपकिन त्याच्या तोंडावर फेकला. हसायला काय जातंय ह्याचं! त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

एकदाच जमलं. ठेका चालू होता आणि मला केटररचा फोन आला. त्यानं पुरणपोळीच्या जागी गुलाबजाम टाकले होते, मला न विचारता. मी गराजमध्ये येरझाऱ्या घालत त्याची खरडपट्टी काढली. फोन ठेवला तर सगळे माझ्याकडे बघताहेत आणि विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवलाय. मी म्हटलं, काय झालं? "तुम्ही नाचत होतात," त्या म्हणाल्या. "बरोबर. सगळं बरोबर." झालं! मी लगेच बघायला गेले की काय बरोबर होतं, आणि ते गेलंच. रडू यायचं बाकी होतं. विहीणबाईंनी मला बसवलं, सगळ्यांना मासा आणि आंबवलेल्या पिठाचे गोळे वाढले, मी मासे खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळा रस्सा केला होता तो पुढे केला, म्हणाल्या, "होईल." मला त्यांचा राग यायचा. एकदा तरी ओरडा ना बाई माझ्यावर!

इकडे मंडळात काय शिजत होतं ते मला लग्नाच्या तोंडावर कळलं. माझी एक मैत्रीण इथे जवळच अ‍ॅशबर्नला डान्सचे क्लास घेते. ती एके संध्याकाळी चार जणींना घेऊन घरी आली. म्हणे, सरप्राइज ठेवणार होतो पण आम्हालाच राहवलं नाही म्हणून दाखवतो. पिशवीतून काय काढलं? बिबट्याच्या ठिपक्यांच्या ओढण्या! एका रंगाच्या, एका मापाच्या, डझनभर. आणि फोनवर एक ट्रॅक, त्यात सुरुवातीला कुठला तरी प्राणी डरकाळी फोडतो.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं, आफ्रिकन थीम! शेवटी आपण लेझीम मिसळलंय. फ्यूजन. पुढची रांग खाली बसते, मागची उभी राहते, मध्ये तुझी विहीण."

माझं नागपुरी बाहेर आलं. म्हटलं, "काहून वं? माझी विहीण काय सर्कशीतून आली का? त्यांच्या गावात बिबटे फिरतात का? नर्स आहे ती बाई!" तोंडाला येईल ते बोलले. मैत्रिणीचे डोळे भरले. "आम्ही एवढ्या प्रेमानं बसवलं," ती म्हणाली, "आणि तू आम्हाला असं बोलतेस." ओढण्या पुन्हा पिशवीत गेल्या, आयटम कॅन्सल केला, आणि पुढे बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

तेव्हाच मी ठरवलं की सगळ्यांना नीट समजावून सांगायचं. लग्नाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला, मराठीत. अग्बाजा काय आहे, बोलावणं काय असतं, विहीणबाईंची आई लांबून बघणार आहे. ठळक अक्षरांत लिहिलं की त्या माझ्याकडे येतील तेव्हा कृपा करून मधली जागा मोकळी ठेवा, कुणीही उठू नका, मी एकटीनं जायचं आहे. भराभर अंगठे आले. हात जोडलेले आले, बदाम आले. चँडलरला राहणाऱ्या धाकट्या दिरानं लिहिलं, "सुपर, वहिनी!" मेसेज एकानंही वाचला नव्हता.

रिसेप्शन दुपारचं होतं. हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, मध्ये नाचायला लाकडी फरशी. अर्ध्या बाजूला आमच्या पैठण्या आणि शेरवान्या, अर्ध्या बाजूला त्यांची विणलेली रंगीत कापडं. जेवणं झाली. मास्तरांनी ढोल कोपऱ्यात मांडले, सगळे जागेवर बसले आणि घंटा सुरू झाली.

विहीणबाई त्यांच्या टेबलावरून उठल्या. पिवळं-हिरवं कापड, डोक्याला तसंच बांधलेलं. अंग किंचित पुढे, कोपरं मागेपुढे, अगदी सावकाश, त्या रिकाम्या फरशीवरून माझ्याकडे यायला लागल्या. बाजूनं त्यांची भावजय फोन धरून चालत होती. त्या फोनवर त्यांची आई होती. खुर्चीत बसलेली, मागे अंगणात शेजारपाजारचे गोळा झालेले. मी पदर खोचला आणि उभी राहिले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी मोजत नव्हते. मी नुसती त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या पाठीत काहीतरी हललं.

तेवढ्यात सनीव्हेलहून आलेली नणंद ओरडली, "अगं बाई, बिचारी एकटीच नाचतेय! चला, चला, चला!"

आता आमच्या लोकांचं काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. ढोल वाजतोय आणि फरशी रिकामी, म्हणजे आपल्यात ती यजमानाची नामुष्की. पाहुणी एकटी नाचतेय आणि आपण खुर्चीत बसलोय, हे आपल्याला बघवत नाही. आपण धावून जातो. तशी सगळी धावली. नणंद, तिच्या जावा, मावशा, आत्या, पोरंसोरं, कोटवाले काका, सगळे एकदम फरशीवर. नणंदेनं विहीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घालायला लागली. फुगडी! त्या बाई भल्या, त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत, गरगर फिरल्या. दीर माईक घेऊन ओरडला, "आफ्रिका इन द हाऊस! कम ऑन, एव्हरीबडी!" शिट्ट्या काय, फोन काय वर उंचावलेले.

"सरका रे!" मी ओरडले. "बाजूला व्हा! बसा सगळे खाली!" कुणाला ऐकू जातंय? उलट त्यांना वाटलं, मुलीच्या आईला जोर आलाय. दोघींनी मला ओढून गोलात घेतलं. मी एका काकांना कोपरानं ढकललं, ते हसून टाळ्या वाजवायला लागले. मला विहीणबाईंच्या डोक्याचं कापड तेवढं दिसत होतं, माणसांच्या पलीकडे, आणि त्याच्याही पलीकडे भावजयीचा हात, फोन उंच धरलेला. त्या फोनमध्ये काय दिसलं असेल? शेरवान्यांच्या पाठी.

ढोल वाजवणाऱ्याला नाचणारा दिसावा लागतो. त्यांना कुणीच दिसेना. मास्तरांनी शेवटाचा इशारा दिला आणि ढोल थांबले. एक क्षणभरही शांतता पडू न देता डीजेनं स्वतःचं गाणं सोडलं. आमच्या लोकांना तर वाटलं, आता खरी सुरुवात झाली. मी गर्दीतून वाट काढत विहीणबाईंपर्यंत पोचले तेव्हा त्या कापड सारखं करत होत्या. भावजयीच्या हातातला फोन काळा झाला होता.

"पुन्हा करू या," मी म्हटलं. "मी आत्ता थांबवते सगळ्यांना."

"इट्स फाइन," विहीणबाई म्हणाल्या. "दे आर हॅपी." कोपऱ्यात मास्तर ढोलांना खोळी घालत होते. हॉटेलचा माणूस दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता, हॉल पुढच्या पार्टीला द्यायचा होता.

ते फाइन मला आजही टोचतं. चिडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर मी पाया पडले असते. फाइनचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ आला. वर लिहिलेलं, "विहीणबाईंसोबत आफ्रिकन डान्स, धम्माल!!" मी रागानं इतकं लिहिलं इतकं लिहिलं की नवऱ्यानं पाठवायच्या आधी फोन हिसकावून घेतला. मी ग्रुप सोडला. नणंदेला फोन करून झाडलं. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा ती रडायलाच लागली. "वहिनी, मला वाटलं त्या एकट्या पडल्या गं. आपल्याकडे कुणी एकटं पडू नये म्हणून गेले मी." ती खोटं बोलत नव्हती. तेच तर! एकजण जरी वाईट हेतूनं उठला असता तर मी त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. इथे सगळे प्रेमानं उठले होते, आणि मी राग कुणावर काढायचा? काढला नवऱ्यावर.

मग दिवाळी आली. जावई फराळ खायला आला तेव्हा चकली मोडत सहज म्हणाला, आजी गावभर सांगतेय, मुलीची आई फार छान नाचली.

"कुणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"मॉमनं," तो म्हणाला. "कॉल कट झाल्यावर तुम्ही दोघी नाचलात ना? त्या गर्दीत मला दिसलं नाही."

कॉल कट झाल्यावर! मी त्याला आणखी चकल्या वाढल्या. पण रात्रभर तेच डोक्यात. त्या बाईनं आमच्या अब्रूसाठी आपल्या आईला खोटं सांगितलं होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं.

शनिवारी मी लाडवांचा डबा घेऊन विहीणबाईंकडे गेले. बोलायचंच असं ठरवून गेले होते. त्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. मी तोंड उघडते तोच त्यांचा फोन वाजला. आई होती. विहीणबाईंनी फोन वळवून माझ्याकडे धरला. तीच खुर्ची, तेच अंगण, अंगणात ऊन पडलेलं. म्हातारीनं मला नीट निरखलं आणि काहीतरी बरंच बोलली.

"म्हणतेय," विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही छान नाचलात असं कळलं. गर्दीमुळे तिला दिसलं नाही." आणि माझ्या हातात फोन देऊन त्या पुन्हा कांद्याकडे वळल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी काय म्हणायला हवं होतं? थँक यू? म्हातारी फोनमधून माझ्याकडे बघत बसली होती. माझा असा संताप झाला, नणंदेवर, दिरावर, डीजेवर, त्या व्हिसाच्या खिडकीवर, ह्या बाईच्या भलेपणावर. मला नाही जमत हे, मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. फोन लाडवाच्या डब्याला टेकवून उभा केला, पर्स खाली टाकली, आणि त्या स्वयंपाकघरात टेबलाच्या कडेनं कोपरं दुमडून विहीणबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

त्यांच्या हातात सुरी होती. "घंटा नाहीये," त्या म्हणाल्या. "भाऊ पण घरी नाही."

"मी बोलावतेय," मी म्हटलं. "तुम्ही मला सगळ्यांसमोर नाही म्हणणार का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. हात कापडाला पुसले, गुडघे वाकवले. फोनमधून टाळीचा आवाज आला. म्हातारी ठेका धरत होती, तिकडून इथे पोचेपर्यंत जरा उशीर होऊन, अडखळत. त्या उशिरा पोचणाऱ्या टाळीवर आम्ही फ्रिजपासून गॅसपर्यंत गेलो, वळलो, आणि फोनच्या समोर आलो. माझं चुकत होतं, मी पुन्हा मोजत होते, ते मला कळत होतं. मी थांबले नाही.

म्हातारी काहीतरी बोलली. विहीणबाई जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. कांद्यानं असेल म्हणावं तर त्या हसतही होत्या.

"काय म्हणतात?" मी धापा टाकत विचारलं.

"म्हणतेय, 'आली एकदाची. मी लग्नापासून वाट बघतेय. आता तिला म्हणावं, ओठ मीट.'"